यॉर्कटाउन, समुद्राच्या बाजूनं

गुरुवार : रूट १३ आणि उपसागराचं तोंड

न्यू जर्सीहून यॉर्कटाउनला जायचं तर सगळे आय-९५ हा महामार्ग धरतात. आम्ही मुद्दाम रूट १३ धरला. डेलावेअर संपलं की हा रस्ता एका लांबट द्वीपकल्पावरून खाली उतरत जातो. उजवीकडे चेसापीकचा उपसागर, डावीकडे अटलांटिक, मध्ये सोयाबीनची शेतं आणि कोंबड्यांच्या लांबच लांब शेड. दोन्हीकडचं पाणी मात्र बराच वेळ दिसत नाही.

हा हट्ट माझा होता. १९ ऑक्टोबर १७८१ रोजी यॉर्कटाउनला ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिसच्या फौजेनं शस्त्रं खाली ठेवली आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा निकाल लागला, हे आपण शाळेपासून वाचत आलो. पण हा निकाल सहा आठवडे आधी, या उपसागराच्या तोंडाशी एका संध्याकाळी समुद्रावर ठरून गेला होता. जमिनीवरच्या वेढ्याचं स्मारक आहे, मैदान आहे, संग्रहालयं आहेत. समुद्रावर काही उरत नाही. म्हणून यॉर्कटाउनला समुद्राच्या बाजूनं पोचायचं ठरवलं.

सोबत नवरा आणि मामा. मामांची उभी हयात भारतीय नौदलात गेली. आता ते मुलीकडे राहतात आणि कुठेही पाणी दिसलं की आधी वारा कुठून आहे ते बघतात.

पूल लागायच्या थोडं आधी किप्टोपीक स्टेट पार्कमध्ये थांबलो. इथे किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर दुसऱ्या महायुद्धातली काँक्रीटची जहाजं रांगेनं बुडवून ठेवली आहेत. पूर्वी इथून फेरी सुटायची, तिला लाटांपासून आडोसा म्हणून. कडा झिजून आतल्या सळ्या उघड्या पडल्यात, वर पाणपक्ष्यांची वस्ती आहे. मामा तिथून हलायला तयार नव्हते. "पोलाद कमी पडलं म्हणून सिमेंटचं जहाज बांधलं, आणि ते तरंगलं," हे त्यांनी आम्हा दोघांना दोनदा ऐकवलं.

मग चेसापीक बे ब्रिज-टनेल. १९६४ साली खुला झालेला हा रस्ता किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत १७.६ मैल, म्हणजे अठ्ठावीस किलोमीटर आहे. उपसागराच्या तोंडावरूनच तो जातो. सगळाच पूल नाही, दोन ठिकाणी तो समुद्राखालच्या बोगद्यात शिरतो. ज्या खोल पाण्यातून मोठी जहाजं ये-जा करतात तिथे बोगदे. पूल युद्धात किंवा अपघातात कोसळला तर नॉरफोकचं अख्खं आरमार आत कोंडलं जाईल, ही नौदलाची धास्ती त्यामागे होती.

"म्हणजे बघ," मामा म्हणाले, "दोनशे वर्षांनंतरही भीती तीच. तोंड बंद झालं की आतला मेला."

शुक्रवार : केप हेन्री

उपसागराच्या तोंडाला दोन भूशिरं आहेत, उत्तरेला केप चार्ल्स आणि दक्षिणेला केप हेन्री. मध्ये साधारण बारा मैलांचं पाणी. केप हेन्री आज फोर्ट स्टोरी या लष्करी तळाच्या आत आहे, त्यामुळे दारावर ओळखपत्रं तपासली जातात. जुनं दीपगृह १७९२ सालचं, अष्टकोनी, दगडी. वॉशिंग्टन अध्यक्ष असताना नव्या सरकारनं स्वतःच्या पैशानं केलेलं हे पहिलं बांधकाम. देश उभा राहिल्यावर पहिला खर्च या तोंडावर दिवा लावण्यासाठी व्हावा, याचं मला काल पूल ओलांडल्यावर मुळीच नवल वाटलं नाही.

जिने चढून वर गेलो. समोर मोकळा समुद्र, क्षितिजावर नांगर टाकून थांबलेली मालवाहू जहाजं, डाव्या हाताला आत वळणारा उपसागर. ५ सप्टेंबर १७८१ ची सकाळ इथे उभं राहून मांडता येते.

आत, लिनहेवनच्या बाजूला, अमेरिकनांच्या मदतीला आलेलं फ्रेंच आरमार नांगरलेलं होतं. अॅडमिरल द ग्रास, त्याचं जहाज 'व्हिल द पारी', १०४ तोफांचं. हा माणूस वेस्ट इंडीजमधून आला होता. त्यानं एक निर्णय घेतला होता, तो मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोठा वाटतो. साखरेच्या बेटांवरून फ्रान्सला जाणाऱ्या व्यापारी जहाजांच्या संरक्षणासाठी थोडं आरमार मागे ठेवायचं, हा तिथला शिरस्ता. त्यानं काहीही मागे ठेवलं नाही. सगळी, म्हणजे २८ मोठी लढाऊ जहाजं, तीन हजारांवर सैनिक आणि हवानात गोळा केलेलं पाच लाख पेसोंचं नाणं घेऊन तो आला. फ्रेंच व्यापाऱ्यांचा हंगाम थांबला, पण चेसापीकमध्ये ब्रिटिशांपेक्षा जास्त जहाजं जमली. ब्रिटिशांनी मात्र वेस्ट इंडीजमधली आपली ताकद वाटून टाकली होती. त्यांचा अॅडमिरल रॉडनी आजारी म्हणून काही जहाजं घेऊन इंग्लंडला गेला, त्याच्या हाताखालचा हूड १४ घेऊन उत्तरेला आला.

आणि हूड आधी पोचला! त्याच्या जहाजांच्या बुडाला तांब्याचा पत्रा ठोकलेला होता, तळाला शेवाळ-शिंपले धरत नसत, वेग मिळे. द ग्रास बहामाच्या जुन्या, अडचणीच्या मार्गानं लपत येत होता. २५ ऑगस्टला हूडनं या तोंडात डोकावून पाहिलं, उपसागर रिकामा दिसला, तो न्यूयॉर्कला निघून गेला. चारपाच दिवसांत फ्रेंच आत शिरले.

"तांब्यानं घात केला म्हणायचा," नवरा म्हणाला.

"तांब्यानं नाही. थांबला नाही म्हणून," मामा म्हणाले.

न्यूयॉर्कहून ब्रिटिश अॅडमिरल ग्रेव्हज (हूडही आता त्याच्याबरोबर) १९ जहाजं घेऊन खाली आला तेव्हा सकाळी द ग्रासची दीड हजाराच्या वर माणसं किनाऱ्यावर होती. कुणी पाणी-लाकूड भरायला, कुणी सैनिक पोचवायला. चार मोठी जहाजं यॉर्क आणि जेम्स नद्यांच्या तोंडांवर पहाऱ्याला होती. उरलेल्या २४ जहाजांनी ओहोटी लागेपर्यंत वाट पाहिली आणि दुपारच्या सुमारास नांगराचे दोर तोडून, नांगर तिथेच सोडून, मिळतील त्या खलाशांनिशी ती बाहेर पडली.

इथे मामांनी माझा नकाशा हातात घेतला. "वारा आधी सांग."

वारा उत्तर-ईशान्येचा. म्हणजे ब्रिटिश वाऱ्याच्या वरच्या अंगाला, हवं तेव्हा फ्रेंचांवर उतरता येईल असे. फ्रेंचांना मात्र केप हेन्रीला वळसा घालत बाहेर यायचं होतं, त्यामुळे त्यांची रांग विस्कटली. पुढची चारपाच जहाजं कितीतरी आधी समुद्रात आली, बाकीची मागे तोंडातच अडखळत होती. आघाडीवर होता बूगँव्हिल, तोच जगप्रदक्षिणा केलेला दर्यावर्दी. आपल्या अंगणातल्या बोगनवेलीला नाव त्याचंच.

"मग त्या पुढच्या चारपाचांवर तुटून का नाही पडले?" मामा जवळजवळ ओरडलेच. दीपगृहाच्या रखवालदारीणबाईंनी वळून पाहिलं.

नाही पडले. ग्रेव्हजनं शिस्त पाळली. रांगेसमोर रांग लागली की लढाई, हा त्या काळचा दंडक. त्यानं आपली रांग फिरवून फ्रेंचांच्या दिशेला समांतर केली आणि द ग्रासचं उरलेलं आरमार बाहेर येऊन मांडणी करेपर्यंत थांबला. दुपारी चारनंतर तोफा सुरू झाल्या. ग्रेव्हजच्या डोलकाठीवर 'जवळून भिडा' हा इशारा चढला, पण 'रांग धरून राहा' हा आधीचा झेंडाही फडकत राहिला. दोन्ही हुकूम एकदम कसे पाळायचे? पिछाडीला हूड होता. त्यानं रांग धरून राहायचं ठरवलं आणि त्याची सात जहाजं लढाईत जवळजवळ उतरलीच नाहीत. पुढच्या जहाजांनी मात्र भयंकर मार खाल्ला. सूर्य मावळताना सगळं थांबलं. ब्रिटिशांचे नव्वद मेले, अडीचशेच्या आसपास जखमी झाले. एकही जहाज त्या संध्याकाळी बुडालं नाही. 'टेरिबल' हे मोडकळीला आलेलं जहाज ब्रिटिशांनीच काही दिवसांनी जाळून टाकलं.

लढाई म्हणून पाहिली तर ही बरोबरीत सुटलेली वाटेल. पण पुढचे काही दिवस दोन्ही आरमारं एकमेकांवर नजर ठेवत दक्षिणेकडे वाहत गेली, आणि तेवढ्यात ऱ्होड आयलंडच्या न्यूपोर्टहून दुसरा फ्रेंच अॅडमिरल बारास आठ जहाजं घेऊन गुपचूप उपसागरात शिरला. त्याच्याकडे वेढ्याच्या अवजड तोफा होत्या, खारवलेलं मांस होतं. द ग्रास माघारी आला तेव्हा आत ३६ मोठी फ्रेंच जहाजं झाली. ग्रेव्हज दुरुस्तीसाठी न्यूयॉर्कला परतला. कॉर्नवॉलिसची मदतीची वाट बंद झाली.

खाली उतरून द ग्रासचा पुतळा पाहिला. फ्रान्सनं दिलेला. आम्ही होतो तोवर दीपगृहाकडे आणि १६०७ च्या वसाहतवाल्यांच्या क्रॉसकडे बरीच माणसं जाऊन आली. पुतळ्यापाशी फक्त मामा उभे होते, हात मागे बांधून.

शनिवार : यॉर्कटाउन

हॅम्प्टन रोड्सचा बोगदा ओलांडताना नॉरफोकच्या तळावरच्या विमानवाहू नौका दुरून दिसल्या. शनिवारची गर्दी होती, ती एकदाची संपली आणि आम्ही यॉर्क नदीकाठी उतरलो.

कॉर्नवॉलिस इथे आला तो याच नदीसाठी. वरिष्ठ सेनापती क्लिंटननं न्यूयॉर्कहून त्याला सांगितलं होतं, मोठी जहाजं उभी राहतील असं खोल पाण्याचं बंदर शोध आणि तटबंदी कर. यॉर्कटाउनला काठालाच खोल पाणी मिळतं आणि समोर ग्लॉस्टर पॉइंट पुढे आल्यानं नदी अरुंद होते. जागा नामी होती. समुद्र आपलाच आहे हे गृहीत धरून निवडलेली जागा होती, एवढीच तिच्यात खोट.

रणभूमी राष्ट्रीय उद्यान खात्याकडे आहे आणि गाडीनं फिरता येते. मातीचे मोर्चे, खंदक, तोफा नीट राखल्यात. ९ ऑक्टोबरला भडिमार सुरू झाला, १४ च्या रात्री ९ आणि १० क्रमांकाचे मोर्चे पडले, एक फ्रेंचांनी घेतला, दुसरा हॅमिल्टन या अमेरिकन अधिकाऱ्याच्या तुकडीनं. हे सगळे सांगतात, फलकांवर चित्रांसकट आहे, म्हणून इथे लांबवत नाही.

माझं लक्ष नदीकडे होतं. १० ऑक्टोबरच्या संध्याकाळी फ्रेंचांनी लालबुंद तापवलेले तोफगोळे 'शॅरॉन' या ४४ तोफांच्या ब्रिटिश जहाजावर सोडले. ते पेटलं, आग शिडांतून डोलकाठ्यांच्या टोकांपर्यंत चढली, आणि शेजारची जहाजंही त्यात गेली. त्याआधी फ्रेंच काठाला उतरतील या भीतीनं कॉर्नवॉलिसनं आपलीच कितीतरी जहाजं किनाऱ्यालगत ओळीनं बुडवली होती. ती अजून नदीच्या तळाशी आहेत. त्यांतलं 'बेट्सी' नावाचं कोळसा वाहणारं जहाज १९८० च्या दशकात पुरातत्त्वज्ञांनी खणलं. नदीत पोलादी भिंतीचं कुंपण उभारलं, आतलं पाणी गाळून स्वच्छ केलं आणि त्यात बुड्या मारून काम केलं, कारण या नदीचं पाणी इतकं गढूळ की हाताला हात दिसत नाही. काठावरच्या छोट्या वॉटरमेन्स म्युझियममध्ये या बुडालेल्या जहाजांची माहिती आहे. मोठ्या संग्रहालयांच्या गडबडीत हे चुकवू नका.

याच काठावरची आणखी एक गोष्ट मला दिवसभर सोडत नव्हती. ब्रिटिशांकडे गेलो तर मोकळे होऊ या आशेनं हजारो काळे गुलाम मालकांकडून पळून कॉर्नवॉलिसच्या फौजेमागे आले होते. खंदक त्यांनी खणले. देवीची साथ आली, धान्य संपत आलं, तेव्हा त्यांतल्या कित्येकांना तटाबाहेर हाकलून देण्यात आलं, दोन्ही फौजांच्या मधल्या जागेत मरायला. शरणागतीनंतर सापडलेल्यांना परत मालकांच्या हवाली केलं गेलं. करारातल्या एका कलमानं 'बोनेटा' नावाचं एक छोटं जहाज झडती न घेता न्यूयॉर्कला जाऊ दिलं. त्यातून ब्रिटिशांना मिळालेले गोरे लोक निसटले. समुद्राची एकच फट उघडी राहिली होती, आणि तिच्यातून कोण जाणार हे आधीच ठरलेलं होतं.

संध्याकाळी विजयस्तंभाशी गेलो. ठराव १७८१ चा, पायाभरणी १८८१ ची. वरच्या स्वातंत्र्यदेवतेचं मस्तक १९४२ साली विजेनं उडालं, मग नवी मूर्ती बसवली.

रविवार : ग्लॉस्टर पॉइंट

सकाळी कोलमन पुलावरून पलीकडे गेलो. हा पूल मधोमध फिरतो. नदीच्या वरच्या अंगाला नौदलाचं शस्त्रागार आहे, तिकडे जहाज जायचं असलं की रस्त्याचे दोन प्रचंड तुकडे आडवे वळतात. आमच्या नशिबी ते दृश्य नव्हतं, मामा हळहळले.

१६ ऑक्टोबरच्या रात्री कॉर्नवॉलिसनं हेच पाणी ओलांडून निसटायचा प्रयत्न केला. ग्लॉस्टरला फ्रेंचांचा वेढा पातळ होता, तो फोडून उत्तरेला पळायचं. होड्यांची पहिली खेप पोचलीही. मग वादळ आलं, होड्या पांगल्या, पहाट झाली. १७ ला सकाळी ढोल वाजवणारा एक पोरगा तटावर चढला आणि बोलणी सुरू झाली. १९ ला सात हजारांवर सैनिक शरण आले. त्याच दिवशी न्यूयॉर्कहून क्लिंटनची मदत घेऊन आरमार निघालं.

वाळूत बसून आम्ही इकडचे निळे खेकडे फोडत होतो. वर मसाला इतका पेरलेला की मामांनी आधी तो झटकला. मग विषय निघाला तो आपल्याकडचा.

याच कॉर्नवॉलिसला १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल करून कलकत्त्याला पाठवलं. १७९१ च्या मे महिन्यात तो टिपूच्या श्रीरंगपट्टणापर्यंत पोचला. बैल मेले, धान्य संपलं, वेढ्याच्या अवजड तोफा त्यानं स्वतः फोडून टाकल्या आणि तो माघारी वळला. तेवढ्यात समोरून घोडेस्वार दिसले. शत्रू म्हणून इंग्रजी फौज सावध झाली, तर ते हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धनांचे मराठे होते. त्यांच्या छावणीचा बाजार धान्यानं भरलेला होता. कॉर्नवॉलिसची उपासमार टळली, आणि पुढच्या वर्षी टिपूचं अर्धं राज्य गेलं. यॉर्कटाउनला ज्याची रसद फ्रेंचांनी तोडली, त्याला दहा वर्षांनी रसद आपण पुरवली. हे मला वाचल्यापासून बोचतं आहे आणि बोचावंच.

"आणि शेवटची लढाई कुठे झाली, माहीत आहे?" मामांनी विचारलं. कडलूरसमोर. २० जून १७८३, तामिळनाडूच्या किनाऱ्यावर, फ्रेंचांचा सुफ्रँ आणि इंग्रजांचा ह्यूज यांच्यात. युरोपात तहाच्या प्राथमिक कलमांवर जानेवारीतच सह्या झाल्या होत्या, पण बातमी इथवर पोचायची होती. ज्या युद्धाला आपण अमेरिकन म्हणतो त्याचे अखेरचे आरमारी तोफगोळे बंगालच्या उपसागरात पडले. मामांचं जहाज त्या किनाऱ्यावरून अनेकदा गेलेलं.

सोमवार : एल्कटन, चेस्टर, घर

परतताना आय-९५. मेरीलँडच्या टोकाला एल्कटन लागतं, तेव्हाचं हेड ऑफ एल्क. चेसापीकचं वरचं टोक. न्यूयॉर्कजवळून चालत आलेल्या वॉशिंग्टन आणि फ्रेंच सेनापती रोशांबोच्या फौजा इथे पोचल्या, पण होड्या अपुऱ्या होत्या. थोडे चढले, बाकीचे पुढे चालत गेले. आणि इथेच अमेरिकन शिपायांना महिन्याचा पगार रोख नाण्यांत मिळाला, फ्रेंचांच्या खजिन्यातून वीस हजार डॉलर उसने घेऊन. बऱ्याच तोफा फ्रेंचांच्या, पगार फ्रेंचांचा, जहाजं तर सगळीच फ्रेंचांची. अमेरिकेचं स्वतःचं आरमार १७७५ मध्ये स्थापन झालं, १३ फ्रिगेटी, म्हणजे मध्यम आकाराच्या युद्धनौका, बांधायला घेतल्या, पण १७८१ पर्यंत बहुतेक पकडल्या गेल्या होत्या किंवा जळाल्या होत्या. आधी १७७८ मध्ये अॅडमिरल देस्तँ न्यूपोर्टला फ्रेंच आरमार घेऊन आला आणि वादळात सापडून बोस्टनला निघून गेला, तेव्हा वॉशिंग्टनला हात चोळत बसावं लागलं होतं.

उसन्या आरमाराची हीच धाकधूक. द ग्रास आधी १५ ऑक्टोबरपर्यंतच थांबणार होता. वॉशिंग्टन स्वतः 'व्हिल द पारी'वर गेला आणि महिनाअखेरीपर्यंतचा शब्द घेऊन आला. नंतर ब्रिटिशांना कुमक येतेय हे ऐकून द ग्रास पुन्हा समुद्रात निघायच्या बेतात होता, तेव्हा वॉशिंग्टननं आपल्या फौजेतल्या लाफाएत या फ्रेंच सेनापतीला पत्र देऊन पिटाळलं. शरणागती १९ ऑक्टोबरला झाली. थोडं इकडे-तिकडे झालं असतं तर?

चेस्टरला डेलावेअर नदीच्या काठी गाडी थांबवली. आता इथे कारखाने आणि पूल. ५ सप्टेंबरला रोशांबो होडीतून नदी उतरत येत होता. काठावर एक उंच माणूस एका हातात टोपी, दुसऱ्यात रुमाल घेऊन दोन्ही हात हलवताना दिसला. इतर वेळी मोजकंच बोलणारा वॉशिंग्टन! द ग्रास चेसापीकमध्ये आल्याची बातमी त्याला त्या दिवशी वाटेत मिळाली होती. रोशांबो उतरताच त्यानं त्याला मिठी मारली.

त्याच दिवशी दुपारी केप हेन्रीबाहेर ते आरमार नांगर सोडून निघालं होतं. वॉशिंग्टनला हे आठवड्यानं, माउंट व्हर्ननच्या आपल्या घरून पुढे जाताना कळलं, आणि एल्कहून सुटलेल्या होड्यांना त्यानं ताबडतोब थांबायचा हुकूम धाडला. समुद्र कोणाचा हे कळेपर्यंत फौज पाण्यावर घालायची नाही. १४ सप्टेंबरला विल्यम्सबर्गला पोचल्यावर फ्रेंच परत आल्याची खात्री पटली आणि मग होड्यांना पुढे यायला सांगितलं गेलं.

गाडीत बसताना मामांनी पुढचा बेत सांगून टाकला: न्यूपोर्ट. यॉर्कटाउनचे तट ज्या तोफांनी फोडले त्या बारासनं जिथे जहाजावर चढवल्या, तो धक्का त्यांना बघायचा आहे.